दोन ओळींच्या मापाचा ट्रक

चार फूट दोन इंच. जर्मन कागदांवर हेच माप १२७० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर. गाडीचा आराखडा करताना हा आकडा ठरवायला रस्ता, वळणं, माल, बसणारी माणसं असा सगळा विचार होतो. युद्धानंतरच्या जर्मनीत एका माणसानं तो बटाट्याकडे बघून ठरवला. बटाट्याच्या दोन ओळी गाडीच्या पोटाखाली राहाव्यात, चारही चाकं सरीतून चालावीत आणि एकही रोप चाकाखाली येऊ नये, एवढं त्याला हवं होतं. बाकीची गाडी त्या मापाभोवती उभी राहिली.

तिचं नाव युनिमॉग. 'उनिवेर्झाल-मोटोर-गेरेट' या लांबलचक नावाचं हे छोटं रूप. सगळ्या कामांना चालणारं मोटरयंत्र, असा साधा अर्थ. मी श्टुटगार्टजवळ राहते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते आणि रोज कुठल्या ना कुठल्या गाडीचे आराखडे बघते. तरी एखाद्या गाडीबद्दल मनापासून काही लिहावं असं वाटलं, ते याच एका गाडीबद्दल. आमचं घर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. घरी ऊस, थोडं सोयाबीन, काळी जमीन. त्या जमिनीत ट्रॅक्टर रुतलेला बघतच मी मोठी झाले, म्हणूनही असेल.

त्या माणसाचं नाव आल्बर्ट फ्रीडरिश. युद्ध संपेपर्यंत तो डाइमलर-बेंझमध्ये, म्हणजे मर्सिडीज गाड्या बनवणाऱ्या कंपनीत, विमानांच्या इंजिनांच्या विकासाचं काम सांभाळत होता. मे १९४५ नंतर जर्मनांना विमानाचं इंजिन कुणी बनवू देणार नव्हतं. शहरं ढिगाऱ्यात, रेल्वे मोडलेली, धान्य रेशनकार्डावर. या देशात कारखाने राहू द्यायचे की त्याला नुसता शेतीचा देश करून टाकायचं, हा विचारही विजेत्या राष्ट्रांमध्ये बोलला गेला होता. अशा वेळी विमानाच्या इंजिनातला माणूस शेतीच्या गाडीचं चित्र काढायला बसला, तेव्हा त्याच्यापुढे दुसरे रस्ते फारसे नव्हतेच. पण निव्वळ नाइलाजानं काढलेल्या चित्रात एवढी बारीक नजर येत नाही. शेतकऱ्याचा दिवस कसा जातो याचा त्यानं नीट माग काढलेला दिसतो: सकाळी अवजार घेऊन शेतात जायचं, दिवसभर राबायचं, माल भरायचा, आणि तोच माल त्याच दिवशी गावातल्या बाजारात किंवा स्टेशनवर न्यायचा. यातली निम्मी कामं ट्रॅक्टरची आणि निम्मी ट्रकची. दोन्ही विकत घेण्याची ऐपत त्या जर्मनीत फार थोड्या शेतकऱ्यांची होती.

मग अमेरिकन लष्करी प्रशासनाची परवानगी मिळवणं आलं. ती १९४५ च्या अखेरीस मिळाली. काम सुरू झालं श्वेबिश ग्म्युंड या गावात, एर्हार्ड उंड झ्योने नावाच्या कारखान्यात, जिथं मूळचा धंदा धातूच्या शोभिवंत वस्तूंचा. हाइन्रिश रोस्लर हा फ्रीडरिशचा जुना सहकारी मुख्य रचनाकार म्हणून आला. ९ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यानं पहिला नमुना स्वतः चालवला: वर केबिन नाही, हौद्यात लाकडं भरलेली आणि समोर जंगलातली खाचखळग्यांची वाट. ज्याने रेघा ओढल्या त्यानेच पहिल्यांदा स्टिअरिंग धरायचं, ही गोष्ट मला फार आवडते. आमच्याकडे आता नमुना चालवणारे वेगळे, मोजणारे वेगळे आणि रेघा ओढणारे तर त्या इमारतीतही नसतात.

पुढचा हिवाळा, १९४६-४७ चा, जर्मनीत उपासमारीचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. त्या थंडीत ही गाडी कागदावरून लोखंडात उतरत होती. पहिल्या नमुन्यांत पेट्रोल इंजिन होतं, कारण ज्या डिझेल इंजिनावर सगळी भिस्त होती ते अजून तयार नव्हतं. ओएम ६३६ नावाचं हे चार सिलिंडरचं, १.७ लिटरचं, २५ अश्वशक्तीचं इंजिन नंतर डाइमलर-बेंझकडून आलं. काम ग्योपिंगेनच्या बोरिंगर या यंत्र कारखान्याकडे गेलं. जून १९४८ मध्ये नवं चलन आलं आणि त्याच ऑगस्टात फ्रँकफुर्टच्या शेती प्रदर्शनात युनिमॉग लोकांपुढे उभा राहिला. दीडशेच्या आसपास मागण्या तिथल्या तिथं नोंदल्या गेल्या. बोरिंगरनं ६०० गाड्या केल्या. १९५१ मध्ये उत्पादन डाइमलर-बेंझच्या गागेनाऊच्या कारखान्यात गेलं आणि पुढची पन्नास वर्षं तिथंच राहिलं.

गागेनाऊ म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या कडेचं, मुर्ग नदीच्या खोऱ्यातलं छोटं शहर. तिथं २००६ पासून युनिमॉगचं संग्रहालय आहे. आबा, म्हणजे माझे वडील, इकडं आले तेव्हा मी त्यांना तिथं घेऊन गेले. राजवाडे आणि चर्च बघून ते कंटाळले होते, पण इथं दारातच त्यांची चाल बदलली. सुरुवातीच्या एका युनिमॉगपाशी ते थांबले. नाकावर बैलाचं मुंडकं, शिंगं वर वळून इंग्रजी यू अक्षर झालेलं. १९५३ पर्यंत युनिमॉगवर हेच चिन्ह होतं, मर्सिडीजचा तारा त्यानंतर आला. तारा आबांच्या ओळखीचा. १९५४ साली टाटांनी जमशेदपूरला डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला घेतले, आणि आबांच्या लहानपणी गावात गूळ भरायला येणाऱ्या ट्रकच्या तोंडावर तोच तारा असायचा. बैल मात्र त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

"ह्यो ट्रॅक्टर हाय का ट्रक?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही, आबा."

"दोन्ही कसा असंल?" म्हणाले आणि वाकून खाली बघू लागले. बहात्तराव्या वर्षी गुडघे दुखतात, पण गाडीखाली बघायचं म्हटलं की दुखत नाहीत. "अगं, पाटं कुठं हायत ह्याला?"

बरोबर तिथंच बघायला पाहिजे. ट्रकला पाटे असतात, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, आणि त्यांनीच एक्सल धरून ठेवलेला असतो. ट्रॅक्टरला मागं काहीच नसतं. मागचा एक्सल थेट गियरबॉक्सला बोल्टनं आवळलेला, दणके बसणाऱ्याच्या पाठीला. युनिमॉगमध्ये चारही चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. १९४६ साली मालवाहू गाडीसाठी हा विचार धाडसाचाच होता, कारण गुंडाळीची स्प्रिंग वजन पेलते पण एक्सलला जागेवर धरून ठेवत नाही. ते काम त्यांनी दुसरीकडे दिलं. गियरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट एका जाड नळीत बंद केला आणि ती नळी गियरबॉक्सपाशी एका गोल सांध्यावर बसवली. चाकं गाडीला पुढं ढकलतात तो जोर नळी घेते, वजन स्प्रिंगा घेतात, आणि एक्सल मोकळा राहतो. एक बाजू बांधावर चढली आणि दुसरी सरीत उतरली तरी चारही चाकं जमिनीला धरून असतात. आवारात चढउतारांची एक वाट केली आहे, तिथं चालकाशेजारी बसवून फिरवून आणतात. त्या खड्ड्यांतून जाताना आबा खाली वाकून पुढचं चाक बघत राहिले आणि उतरल्यावर म्हणाले, "बैल बांध चढताना एकेक पाय ठेवतो बघ, तसं ठेवतंय."

दुसरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. साध्या गाडीत एक्सल चाकाच्या बरोबर मधोमध जातो. म्हणजे जमिनीपासून एक्सलची उंची चाकाच्या निम्म्या उंचीपेक्षा जास्त असूच शकत नाही, आणि मध्ये डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना फिरकी वाटून देणाऱ्या गियरांचा, गोळा आणखी खाली येतो. उभ्या पिकात तोच आधी अडकतो, चिखलात तोच आधी टेकतो. यावर सोपा इलाज मोठी चाकं लावण्याचा, आणि ट्रॅक्टरनं मागच्या बाजूला तेच केलं. पण मोठी चाकं लावली की गाडी उंच होते, हौदा वर जातो, माल भरायला खांदे मोडतात आणि उतारावर गाडी कलंडायची भीती. युनिमॉगच्या प्रत्येक चाकाजवळ एक छोटी गियरपेटी आहे. एक्सल वरून येतो, पेटीत दोन दाती चाकं एकाखाली एक बसवलेली असतात, आणि फिरकी खाली उतरून चाकाच्या मध्याला मिळते. एक्सल तेवढाच वर उचलला जातो. चाकं लहान राहिली, हौदा बेताच्या उंचीवर राहिला आणि पोटाखालून बटाट्याची दोन ओळींची रोपं न मोडता गेली. शिवाय वेग कमी करून जोर वाढवण्याचं शेवटचं काम चाकापाशीच होत असल्यानं वरच्या शाफ्टवर ताण कमी, म्हणून तो बारीक ठेवता आला. एका अडचणीवरचा इलाज दुसऱ्या तीन अडचणी मिटवतो, असं यंत्रांच्या कामात क्वचित घडतं. मी हा आराखडा कितीदा तरी बघितला आहे, आणि अजूनही त्या गियरपेटीपाशी नजर थांबते.

बाकीचं थोडक्यात सांगते. चारही चाकं एका मापाची आणि चारहींना ताकद. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शियलना लॉक. एक चाक चिखलात नुसतंच फिरायला लागलं तर बाकीची त्याच्यासाठी थांबत नाहीत. पुढं जायला सहा गियर, मागं यायला दोन. माणसाच्या चालीपासून ताशी ५० किलोमीटरपर्यंत वेग. मागच्या एक्सलवर छोटा हौदा, टनभर मालाचा. रिकामी असताना गाडीचं दोन तृतीयांश वजन पुढच्या चाकांवर. हे ऐकायला चुकीचं वाटतं, पण मागं हौदा भरला किंवा नांगर टांगला की वजन बरोबर वाटलं जातं, पुढचं चाक हलकं पडत नाही. पीटीओ, म्हणजे इंजिनाची फिरकी अवजाराला देणारा दांडा, पुढं, मध्ये आणि मागं. "पुढनंबी पीटीओ हाय की," आबांनी मला दोनदा सांगितलं, जणू मला ते दिसलं नव्हतं. गवत कापायचं पातं पुढं लावता येतं, म्हणजे ज्याच्यावर काम चाललंय ते चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहतं. आमच्या ट्रॅक्टरवर बसलेला माणूस दिवसभर मान मागं वळवून रोटर बघत असतो. तिशीतच मान धरलेले ट्रॅक्टर ड्रायव्हर आमच्या गावात कितीतरी आहेत.

आणि ब्रेक. चारही चाकांना ब्रेक, दोघांना बसायला गादीच्या सीट, वरून कापडी टप. यात विशेष काय, असं वाटेल. पण ज्यानं साखर कारखान्याच्या हंगामात इस्लामपूरच्या रस्त्यावरून रात्री प्रवास केला आहे त्याला यातलं मोल कळेल. नोव्हेंबर उजाडला की आमच्याकडचे ट्रॅक्टर शेती सोडून वाहतुकीला लागतात. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंना बाहेर आलेला. ब्रेक बहुतेक ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनाच, ट्रॉल्यांना कित्येकदा अजिबात नाहीत. चढाला लागला की पुढचं चाक उचलायला बघतं, म्हणून नाकावर दगड नाहीतर लोखंड बांधलेलं. दर हंगामात रिफ्लेक्टर लावा म्हणून सांगतात, दर हंगामात अपघात होतात. ट्रॉलीखाली गेलेल्या मोटारसायकलची बातमी कुठल्या ना कुठल्या गावाहून येतेच.

२५ अश्वशक्तीचा तो जुना युनिमॉग आमच्या दोन ट्रॉल्या ओढू शकला नसता, हे उघड आहे. मी त्याच्या ताकदीबद्दल बोलत नाही. शेतातली गाडी रस्त्यावर येणारच, आणि येईल तेव्हा तिला थांबता आलं पाहिजे, हे फ्रीडरिशनं पहिल्याच कागदावर धरलं होतं. आम्ही शेतातलं यंत्र घेतलं आणि रस्त्यावर सोडलं, आणि उरलेलं सगळं चालवणाऱ्या पोराच्या हुशारीवर सोपवलं. वीस-बावीस वर्षांची पोरं असतात ती. मला त्यांची काळजी वाटते आणि त्या यंत्राचा रागही येतो.

मापाचंही असंच झालं. आमच्याकडे उसाची सरी पूर्वी तीन-साडेतीन फुटांची असायची. आता साडेचार, पाच फुटांची पाडतात. त्यानं उसाला ऊन-वारा मिळतो, मधल्या पट्ट्यात आंतरपीक घेता येतं, हे खरं आहे आणि आबांनीही ती सरी त्याचसाठी धरली. पण रुंद सरीमागचं दुसरं मोठं कारण यंत्र हे आहे. भरणीला ट्रॅक्टर आत जावा, तोडणीला हार्वेस्टर फिरावा, म्हणून रानानं आपली मापं बदलायची. तोडणी कामगार मिळेनासे झाले तसा हार्वेस्टर वाढला, आणि ज्याचं रान अर्ध्या एकराचं, तिरकं, बांधांनी अडवलेलं, त्याच्याकडं तो वळतच नाही. त्याचा ऊस शेवटपर्यंत उभा राहतो आणि वजनाला मार खातो. बटाट्याची ओळ बघून चाकांचं अंतर ठरवणारा माणूस मला या जागी आठवतो. त्यानंही शेतकऱ्याला सांगता आलं असतं की बाबा, ओळी जरा रुंद धर.

युनिमॉग महाग होता, हे सांगितलं पाहिजे. एवढे गियर, एवढ्या पेट्या, चार चाकांची ताकद, त्यामुळं तेवढ्याच अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरपेक्षा त्याची किंमत बरीच जास्त. ज्या लहान शेतकऱ्यासाठी तो काढला, त्यातल्या बऱ्याच जणांनी साधा ट्रॅक्टरच घेतला. आणि लवकरच वेगळ्या गिऱ्हाइकांची नजर त्यावर गेली. जी गाडी चिखलातून माणूस आणि माल सुखरूप नेते ती सैन्याला हवीच असते. १९५५ पासून युनिमॉग एस नावाचा मोठा, पेट्रोलवरचा प्रकार निघाला आणि तो मुख्यतः पश्चिम जर्मनीच्या नव्या सैन्यात गेला. १९८० पर्यंत तो बनत होता आणि त्याच्या ६४ हजारांहून अधिक गाड्या झाल्या. युद्धाच्या राखेतून शेतीसाठी निघालेली गाडी दहा वर्षांच्या आत लष्करी रंगात रंगली. संग्रहालयात ती हिरवी गाडी बाकीच्यांच्या रांगेत उभी आहे आणि लोक तिच्यासमोर आनंदानं फोटो काढतात. मला तिथं उभं राहवलं नाही.

पण त्याच एक्सलवर बर्फ काढणारे, आग विझवणारे, रेल्वेच्या रुळांवर डबे ओढणारे, डोंगरातल्या जंगलात लाकूड ओढणारे युनिमॉगही निघाले. शेतीकडं परत यायचा मोठा प्रयत्न एमबी-ट्रॅक या नावानं १९७३ मध्ये झाला, चार सारख्या चाकांचा आणि मध्ये केबिन असलेला ट्रॅक्टर. तो १९९१ मध्ये थांबला. युनिमॉगचं उत्पादन २००२ मध्ये गागेनाऊहून वर्थला गेलं. आज तो जास्त करून नगरपालिकांच्या कामात दिसतो, आणि आकारानं एवढा वाढला आहे की बटाट्याच्या दोन ओळी त्याच्या पोटाखाली कुठल्या कुठं हरवतील.

या गाडीतला एक धागा पुण्यापर्यंत पोचलेला मला दिसतो. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीला पुढं आणि मागं, दोन्हीकडं डिफरन्शियल लॉक असतात, आणि त्या कंपनीची जुनी इंजिनं मर्सिडीजच्याच डिझेल घराण्यातली. म्हणजे कारागिरी आपल्याकडं आहे. चाकाजवळची गियरपेटी कापायला लागणारी मशिनंही भोसरी-चाकणमध्ये हवी तेवढी आहेत. आपल्याकडून कुणी अजून केलं नाही ते काम त्याच्या आधीचं: वहीपेन्सिल घेऊन काळ्या रानात जायचं आणि तिथली मापं घ्यायची. सरी किती, बांध किती उंच, पाटाचं पाणी दिल्यावर किती दिवसांनी वाफसा येतो, तोवर चाक किती खोल जातं, मोळी उचलून टाकणाऱ्या बाईच्या खांद्यापासून हौदा किती वर असला तर चालेल.

ही मापं मी गोळा करायला घेतली आहेत, रविवारी फोनवरून. आबा टेप घेऊन रानात जातात आणि आकडे सांगतात. त्यांना हे काम भयंकर आवडलं आहे, शेजारच्या रानातलीही मापं आणतात. मागच्या आठवड्यात मी विचारलं, आपल्या पाणंदीची रुंदी किती?

"उन्हाळ्यातली सांगू का पावसाळ्यातली?" आबा म्हणाले. "पावसाळ्यात दोन्हीकडनं घाणेरी आत येती, मधी चाकोरीत पाणी. गाडी बसंल अशी जागा साडेपाच फूट धर. आन् वळणावर गुरवाच्या बांधाला आंब्याचं खोड हाय, तिथं पाचच."